पट्टा पडल्यावर

पुण्याहून मोटारीने बीडला जाताना बीड जिल्हा दोनदा लागतो. नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, मागे टाकलं की चिचोंडी पाटील येतं, मग कडा आणि आष्टी ही बीडची गावं. त्यानंतरचं जामखेड परत नगर जिल्ह्यातलं, आणि जामखेडच्या पुढे सौताड्याला पुन्हा बीड. सौताड्याला विंचरणा नदी खोल दरीत उडी घेते. दरीच्या तळाशी रामेश्वराचं देऊळ आहे. श्रावणात इथे गाड्या लावायला जागा मिळत नाही. आम्ही मे महिन्यात गेलो तेव्हा कड्यावर पाण्याचा काळसर ओघळ तेवढा दिसत होता आणि खाली माकडं सावली धरून बसली होती.

“रेल्वेने का नाही आलो?” भाचीने विचारलं. प्रश्न रास्त होता. नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग १९९५ च्या सुमाराला मंजूर झाला. नगरहून आष्टीपर्यंत गाडी धावायला २०२२ चा सप्टेंबर उजाडला, आणि बीड शहरात प्रवासी गाडी आली ती २०२५ च्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. तीस वर्षं आंदोलनं झाली, निवडणुका झाल्या, नारळ फुटले. ऊस तोडायला बाहेर पडणाऱ्या बीडकराचं मात्र रेल्वेवाचून कधी अडलं नाही. मुकादमाचा ट्रक गावातच येतो.

भाची न्यू जर्सीत वाढलेली. कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून सुट्टीला आली होती. तिला पुढे डॉक्टर व्हायचंय, आणि तिकडच्या वैद्यकीय प्रवेशात समाजसेवेचा अनुभव बघतात. त्यामुळे तिच्या ओळखीतली बरीच मुलं उन्हाळ्यात कुठेतरी सेवा करायला जातात: नेपाळ, कंबोडिया, केनिया. असे प्रवास घडवणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांची डॉलरमधली दरपत्रकं आहेत. आठवड्याचा भाव वेगळा, महिन्याचा वेगळा, शनिवार-रविवारी हत्ती किंवा धबधबा. तिनेही नेपाळमधलं एक अनाथालय हेरून ठेवलं होतं. माझी बहीण म्हणाली, “पैसे भरून परक्या मुलांना खेळवायला जायचं, तर आजोळच्या मुलांनी काय घोडं मारलंय?” आमचं मूळ गाव पाटोद्याकडचं, दोन पिढ्यांपूर्वी सुटलेलं. भाचीच्या पासपोर्टाच्या हिशेबाने बीड परदेशच होतं, तेव्हा अर्जातला रकानाही खोटा ठरणार नव्हता. बहिणीने मला सोबत धाडलं, कारण भाचीचं मराठी पुण्यात चालतं, पाटोद्यात चालेल याची खात्री नव्हती.

पाटोद्यावरून मांजरसुंब्याला धुळे-सोलापूर महामार्ग लागतो. हा सगळा बालाघाटाचा माथा. मुरमाड, उथळ जमीन, पावसावरची बाजरी आणि उतारावर सीताफळाची झुडपं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. फळ दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला उतरतं, आणि नेमकी तेव्हाच गावं रिकामी होत असतात. उत्तरेला गेवराई-माजलगावकडे गोदाकाठची काळी रानं आहेत, तिथे जिल्ह्याचा स्वतःचा ऊस आहे, कारखाने आहेत. पण डोंगरावरची माणसं कोयता घेऊन जातात ती कोल्हापूर, सांगली, सोलापूरला, नाहीतर सीमा ओलांडून बेळगाव-बागलकोटला.

मांजरसुंब्याचा घाट उतरला की पालीजवळ बिंदुसरा तलाव. मे महिन्यात त्याचा तळ भेगाळलेला होता. बाजूलाच ‘इन्फंट इंडिया’चं आनंदग्राम आहे. दत्ता आणि संध्या बारगजे या दांपत्याने एचआयव्हीबाधित मुलांसाठी ते उभं केलं. दत्ता बारगजे आधी गडचिरोलीत भामरागडला आरोग्य खात्यात प्रयोगशाळेत नोकरीला होते. आमटे कुटुंबाचं हेमलकसा तिथून हाकेच्या अंतरावर. आई-वडील दोघं या आजाराने गेलेली आणि नातलगांनी गोठ्यात काढलेली मुलं हा एके काळी मराठवाड्यातला नेहमीचा प्रकार होता. भारतात एचआयव्हीची औषधं सरकारतर्फे मोफत मिळायला २००४ साली सुरुवात झाली. त्यानंतर अशा संस्थांपुढचा प्रश्नच बदलला. जी मुलं जगणार नाहीत असं धरून चाललेलं होतं, ती वाढली, कॉलेजात गेली, लग्नाच्या वयाला आली. आता त्यांना हवी नोकरी, भाड्याने खोली, जोडीदार. बाहेरून येणारा पाहुणा अजून खेळणी घेऊन येतो.

बीड शहरात थांबलात तर दोन गोष्टी चुकवू नका. पाण्याने वेढलेलं कंकालेश्वराचं जुनं देऊळ, आणि शहराबाहेरची निजामशाहीतली खजाना विहीर. दुष्काळात जिल्हाभर टँकर फिरत असतानाही या विहिरीची पातळी फारशी हलत नाही, अशी तिची ख्याती. जमिनीखालच्या दगडी पाटांमधून पाणी पुढच्या शेतांना जातं. भाचीने विचारलं, चारशे वर्षांपूर्वी हे जमलं, तर आता टँकर का? तिथे पाणी बघत बसलेल्या म्हाताऱ्याने उत्तर दिलं, “तवा टँकरवाले नव्हते, बाई.”

मुलांच्या ज्या संस्थेत आम्ही राहिलो तिचं नाव देत नाही. बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने संस्थेतल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे. गाव लहान, संस्थेचं नाव लिहिलं की मुलं ओळखू येतात. संस्थेने आम्हाला बोलावण्याआधीच भाचीकडून पोलिसांचा चारित्र्य दाखला मागवला होता, आणि कागदावर नियम लिहून पाठवले होते. मुलांचे फोटो काढायचे नाहीत. एकट्या मुलाला खाऊ किंवा भेट द्यायची नाही. बंद खोलीत एका मुलाबरोबर थांबायचं नाही. आई-बाप कुठे आहेत हे मुलाला विचारायचं नाही. “मी परत येईन” असं म्हणायचं नाही. शेवटचा नियम वाचून भाची जरा दुखावली होती.

पोचलो तेव्हा वसतिगृह ओस वाटत होतं. ओळीने लोखंडी पेट्या, बहुतेकांना कुलपं, गाद्या गुंडाळून कोपऱ्यात लावलेल्या. शाळांना सुट्टी लागली की ज्यांना घर आहे ती मुलं घरी जातात. ऊसतोडीहून आई-बाप परतलेले असतात, मामाकडे लग्न असतं, गावाला जत्रा असते. मागे उरतात ती ज्यांना न्यायला कोणी येत नाही. अधीक्षकांनी सांगितलं की सुट्टीचे पहिले आठ दिवस फार जड. एकेकाचा चुलता येतो, आजी येते, पेटी उचलली जाते, आणि उरलेली मुलं फाटकाजवळ खेळत राहतात. म्हणून कामाचा घाट घातलेला असतो. आम्ही गेलो त्या आठवड्यात कुरडयांचा होता. गहू भिजवून, वाटून, चीक शिजवायचा, अंगणात जुन्या साड्यांवर सोऱ्याने कुरडया घालायच्या आणि कावळे राखायचे. गरम चिकाच्या वाट्या मुलं भांडून रिकाम्या करत होती. भाचीने येताना गाणी, रंगीत कागद, कात्र्या, गोंद असं सगळं आणलं होतं. स्वयंपाकघरातल्या काकूंनी तिच्या हातात सोऱ्या दिला. संध्याकाळपर्यंत तिच्या तळहाताला फोड आले. रात्री बाजरीची भाकरी आणि येसराची आमटी जेवताना मुलांनी तिला भाकरी कुस्करायला शिकवलं.

एक चार-पाच वर्षांचं पोर दुसऱ्याच दिवशी तिला चिकटलं. कडेवर बस, केसांशी खेळ, पाणी तिच्याच हातून. भाची खूश झाली. काकूंना मात्र ते रुचलं नाही. त्यांनी पोराला उतरवून घेतलं आणि तिला बाजूला नेऊन म्हणाल्या, “बाई, ह्ये कुणालाबी असंच चिकटतंय. मागल्या साली आली व्हती तिलाबी. ती गेली, ह्येनं तीन दिस भाकरीला हात लावला न्हाई.”

काकूंनी भाकरीच्या हिशेबात सांगितलं ते मानसशास्त्रात जुनंच आहे. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी जो अहवाल लिहिला, त्याचा गाभा हाच होता: लहान मुलाला सांभाळणारं माणूस टिकाऊ हवं. माणसं सतत बदलत राहिली की मूल एक तर कोणाजवळच जात नाही, नाहीतर येईल त्याच्या गळ्यात पडतं. पाहुण्याला दुसरा प्रकार गोड वाटतो. तज्ज्ञांच्या लेखी तो धोक्याचा कंदील. आणि पैसे भरणारे पाहुणे आले की धंदाही येतो. नेपाळ आणि कंबोडियात अनाथालयं वाढली ती पर्यटकांच्या वाटांवर, आणि त्यांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं पुढे आलं. पाहुण्यांसाठी मुलं गोळा केली जात होती. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने २०१७ मध्ये आधुनिक गुलामगिरीची चौकशी केली, तेव्हा अनाथालयांसाठी होणारी मुलांची तस्करीही तिच्यात धरली. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावातही अशा स्वयंसेवेमुळे मुलांना होणाऱ्या अपायाचा उल्लेख आला. हे सगळं भाचीने माझ्याआधी, पत्र्याच्या खोलीत पंख्याखाली पडून, फोनवर वाचून काढलं. नेपाळच्या त्या संस्थेचं पान तिने पुन्हा उघडलं. त्यावर मुलांचे हसरे फोटो होते, नावांसकट.

आपल्याकडेही हा पाहुणचार वेगळ्या वेषात आहे. अनाथालयात जाऊन वाढदिवस करायची पद्धत आता चांगलीच रुजली आहे. केक येतो, फलक येतो, ज्याचा वाढदिवस तो मध्ये उभा राहतो, मुलं टाळ्या वाजवतात, फोटो निघतात आणि मोटारी निघून जातात. एका दिवसाच्या जेवणाचे पैसे संस्थेला मिळतात, ते तिला हवे असतात, म्हणून कोणी काही बोलत नाही. अधीक्षक बोलले: “साहेब, मुलांना दुसऱ्याच्या वाढदिवसाचा केक लई खायला मिळतो. स्वतःची जन्मतारीख निम्म्या मुलांना शाळेनं दिलेली. एक जून.”

उन्हाळ्यात परगावी जाऊन राबायची मराठी परंपरा मात्र निराळी आणि बरीच शहाणी. बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली. विदर्भाच्या ऐन मे महिन्यात पोरापोरींनी पहाटे कुदळ-फावडं घ्यायचं, बांध घालायचे, तळी खोदायची, दुपारी ऐकायचं आणि रात्री वाद घालायचे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची खेड्यातली शिबिरंही त्याच वळणाची. या शिबिरांवर पुष्कळ टीका करता येईल. खोदलेला खड्डा पुढच्या वर्षी परत खोदला जातो हे मी पाहिलेलं आहे. पण तिथे तरुणांना माती दिली जाते, कोणाचं मूल नाही. बांध अर्धवट टाकून गेलात तर बांध रडत नाही.

बीड जिल्ह्यातल्या कामांवरही आमट्यांची सावली आहे. शिरूर कासार तालुक्यात आर्वी गावी ‘शांतिवन’ आहे. दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी बाबांच्या प्रेरणेतून २००० साली ते सुरू केलं. ऊसतोड कामगारांची मुलं, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलं, अनाथ मुलं तिथे राहतात आणि शिकतात. गेवराईला संतोष गर्जे यांचं ‘सहारा अनाथालय’, म्हणजे बालग्राम, २००४ पासूनचं. गर्जे आष्टी तालुक्यातल्या पाटसऱ्याचे, स्वतः ऊसतोड कामगाराच्या घरातले; अगदी तरुण वयात, हातात काही नसताना त्यांनी काम सुरू केलं. या दोन्ही ठिकाणांबद्दल मराठी वर्तमानपत्रांत भरपूर लिहून आलंय, त्याची उजळणी करत नाही. मला लक्षणीय वाटलं ते एवढंच की ही माणसं तिथेच राहिली. वीस-वीस वर्षं. बाकी सगळं, पत्र्याचं पक्कं होणं, देणग्या, पुरस्कार, त्या राहण्यामागून आलं.

आता उसाबद्दल, कारण त्याशिवाय बीडमधलं बालपण कळत नाही. दसरा झाला की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला जोडपी निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. आजारपणात खाडा पडला तर दंड कापला जातो. पहाटे फडात शिरायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून ट्रक नाहीतर टायरगाडी भरायची, आणि निघालेलं वाढं विकून वरचा खर्च भागवायचा. राहायला उसाच्या पाचटाची, नाहीतर प्लास्टिकच्या कागदाची कोपी. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तिच्यासाठी आधी संप झाला होता. २०१९ साली बीडच्या ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं. ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. अंगावरचा आजार घेऊन फडात उभं राहता येत नाही, खाडा परवडत नाही, आणि गाठ पडणारा डॉक्टर काढून टाका म्हणतो, अशी ती साखळी.

आई-बापांबरोबर मूल गेलं तर शाळा बुडते. तिथे ते धाकट्या भावंडाला राखतं, वाढं गोळा करतं. १९९० च्या दशकात कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. पुढे शिक्षण हक्क कायद्यानंतर भर आला तो मुलांना गावातच ठेवण्यावर. त्यासाठी हंगामी वसतिगृहं. जिल्हा परिषदेच्या शाळेची व्यवस्थापन समिती ती सुमारे सहा महिने चालवते. दोन वेळचं जेवण शाळेत. रात्री झोपायला पुष्कळ मुलं आजीकडे, चुलत्याकडे जातात. जे मूल जातंच, त्याला शिक्षण हमी कार्ड देतात, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यावं. मोठ्या मुलींचं अवघड. मागे एकटी ठेवायची भीती, कोपीत नेली तर तीच भीती दुप्पट, आणि लग्न लावून दिलं की नवा कोयता तयार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत बीडमधल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी सुमारे ४४ टक्के जणींचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं होतं. संत भगवानबाबांच्या नावाने सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये आणली, तिचं मोल या मुलींसाठी सगळ्यात जास्त.

चैत्रात कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं, ट्रक परततात, गावं भरतात. आणि त्यानंतर, शहरातल्या शाळा-कॉलेजांच्या सुट्ट्या लागल्या की, आम्ही येतो. हा हिशेब अधीक्षकांनी एका वाक्यात मांडला: “मे महिन्यात पाहुणे लई येतेत. दिवाळीला फराळ घेऊन तासाभराला येतेत. कार्तिकापासून माघापर्यंत, जवा खरी गरज, तवा कुणी येत न्हाई.” जिल्ह्यात आई-बाप हयात असलेली हजारो मुलं दरवर्षी सहा महिने पोरकी होतात आणि पट्टा पडला की त्यांना पुन्हा आई-बाप मिळतात. मदतीचा हंगाम नेमका आई-बाप परतलेल्या दिवसांत असतो. अमेरिकेतल्या मराठी माणसांनी १९७८ साली महाराष्ट्र फाउंडेशन काढलं, तेव्हापासून तिकडून पैसा इथल्या कामांकडे येतो आहे, आणि पैशाला एक बरं असतं, तो कोणत्याही महिन्यात येतो. माणसाचं वेळापत्रक मात्र कॉलेजच्या सुट्टीने ठरतं.

मग मे महिन्यात आलेल्या शहाण्या पोरीने काय करावं? भाचीला जे काम सापडलं ते फोटो काढण्याजोगं नव्हतं. मेच्या मध्यावर दहावीचा निकाल लागला. संस्थेतल्या पास झालेल्या मुलांचे अकरावीचे, आयटीआयचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते, आणि प्रत्येक अर्जाला कागदांची शेपटी. आधारवरचं नाव शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही. जातीच्या दाखल्याला वडिलांचा पुरावा हवा आणि वडीलच माहीत नाहीत. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथ मुलांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं, ते मिळवायला बालकल्याण समितीच्या आदेशापासून कागद लावावे लागतात. ज्या मुलांना आई आहे पण कमाई नाही, त्यांच्यासाठी बालसंगोपन योजना आहे. महिना २,२५० रुपये थेट घरी मिळतात आणि मूल संस्थेत टाकावं लागत नाही. माझ्या मते या एका योजनेचे अर्ज नीट भरले गेले तर निम्मी अनाथालयं ओस पडतील, आणि तशी पडावीत. अठरा वर्षं पूर्ण झाली की संस्थेतून बाहेर पडायचं असतं. पुढची सोय अनुरक्षण गृहात, तिथे जागा थोड्या. म्हणून अठराव्या वाढदिवसाआधी फाइल पुरी होणं हा त्या मुलाच्या आयुष्यातला मोठा प्रश्न.

भाची लॅपटॉप घेऊन कार्यालयात बसली. वीज जायची, सर्व्हर बसायचा, ओटीपी भलत्याच नंबरावर जायचा. तिने एक तक्ता केला: कोणत्या मुलाचा कोणता कागद आहे, कोणता नाही, कोणता कुठल्या कार्यालयातून यायचाय. मराठी वाचायला तिला वेळ लागे, म्हणून दहावी पास झालेली एक मुलगी शेजारी बसून वाचून दाखवी. दुपारच्या उन्हात मी त्यांना तहसीलला नेई. तिथल्या कारकुनाने पहिल्या दिवशी “उद्या या” म्हटलं, दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या वेळी ती मुलगी स्वतः खिडकीशी गेली आणि म्हणाली, “साहेब, उद्याच्याला बी मीच येनार हाय.” दाखला मिळाला.

वाचनाचा वर्गही झाला, पण भाचीने घेतला नाही. तिने तसं सुचवलं होतं. अधीक्षकांनी गावातल्याच बारावी झालेल्या दोघांना बोलावलं. यात संशोधनाचीही साक्ष आहे. ‘प्रथम’ संस्थेने उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात गावातल्याच तरुणांना थोडं प्रशिक्षण देऊन वाचनवर्ग चालवले, तेव्हा जी मुलं वर्गाला आली त्यांचं वाचन सुधारलं. पुढे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अभ्यासात होते. मुलाची इयत्ता न बघता त्याला काय वाचता येतं ते बघायचं आणि तिथून सुरुवात करायची, इतकी साधी ती रीत. तिला गावातला माणूस पुरतो, आणि तो जूननंतरही गावात असतो. भाचीने त्या दोघांसाठी बीडहून गोष्टींची पुस्तकं आणून दिली आणि वर्ग चालू असताना मागे बसून कावळ्यांपासून कुरडया राखल्या.

एकदा बोलता बोलता तिने मला विचारलं, “मामा, मग मी आलेच नसते तर?” मी म्हटलं, फाइली तशाच राहिल्या असत्या. हे मी तिचं मन राखायला बोललो नाही. कार्यालयात तिच्याआधी त्या कामाला माणूसच नव्हतं. पण त्या पोराला तिने कडेवर घेतलं नसतं तर काही बिघडलं नसतं, हेही मी बोललो. ती गप्प बसली. नंतर काकूंकडे गेली आणि पोराला आंघोळ घालायचं काम काकूंनीच करावं, मी पाणी तापवून देते, असं ठरवून आली.

तिच्या कॉलेजला डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत हिवाळ्याची सुट्टी असते. बीडमध्ये तेव्हा हंगाम ऐन भरात, वसतिगृह मुलांनी भरलेलं आणि रात्री माणसं कमी. अधीक्षकांना हे सांगितल्यावर त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. म्हणाले, गणपतीच्या आत लेखी पत्र पाठवा, चारित्र्य दाखला नव्याने काढावा लागेल, सलग दोन वर्षं जमत असेल तरच कळवा. काम काय, तर संध्याकाळी पाच ते आठ मुलींच्या अभ्यासाला दिव्याखाली बसायचं, आणि सकाळी पाणी तापवायच्या बंबाला लाकडं पुरवायची. भाचीने विचारलं, अजून काय आणू? ते म्हणाले, “स्वेटर आणा. तुमच्यासाठी. डोंगरावर डिसेंबरात लई गार असतंय.”